सेमेनकचा 'अनरियल'मधला विनाकट शॉट: सायकल सोडा, कॅमेरा बघा

चाकोरीबाहेर (धागाकर्ता):

माउंटन बायकिंगच्या व्हिडिओंवर चर्चा होते ती बहुतेक रायडरची. कोणती ट्रिक, केवढा गॅप (उडीतलं अंतर), पडला का. या धाग्यात रायडरला जरा बाजूला ठेवू आणि कॅमेरा कुठे आहे, तिथेच का आहे, एवढंच बघू. उदाहरण जुनं आहे, पण शिकायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही: २०१५ च्या 'अनरियल' या माउंटन बायकिंग फिल्ममधला रायडर ब्रँडन सेमेनकचा भाग. निर्मिती टीटन ग्रॅव्हिटी रिसर्च आणि अँटहिल फिल्म्सची. कॅलिफोर्नियातल्या वाळलेल्या सोनेरी गवताच्या टेकड्या, वरून खाली येणारा एकटा रायडर, आणि पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एकही कट नाही.

मांडणी अशी होती. या शॉटसाठी टेकडीवर मुद्दाम ट्रेल बांधला. त्याला समांतर बुलडोझरने एक रस्ता काढला. त्या रस्त्यावरून एक ट्रक धावला आणि ट्रकवर जीएसएस सी५२० ही जायरोने स्थिर ठेवलेली कॅमेरा यंत्रणा (म्हणजे मोठा गिंबल) बसवली होती. म्हणजे टेकडीवर बांधकामं दोन झाली, एक सायकलसाठी आणि एक कॅमेऱ्यासाठी. माझं म्हणणं असं की शॉटची खरी कमाल दुसऱ्या बांधकामात आहे. गिंबल भाड्याने मिळतो, रस्ता मिळत नाही.

बघायची पद्धत सांगतो. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, कारण संगीत आपल्याला वेग 'ऐकवतं' आणि डोळा आळशी होतो. दुसऱ्यांदा स्क्रीनवर रायडर जिथे असेल तिथे अंगठा धरून फक्त जमीन आणि मागच्या टेकड्या बघा. जवळचं गवत रेघांसारखं पळतं, मधली जमीन सावकाश सरकते, लांबची टेकडी जवळजवळ जागची हलत नाही. वेगाचा सगळा अनुभव या तीन थरांतल्या फरकातून येतो. तिसऱ्यांदा पाव वेगाने बघा आणि प्रत्येक उडीआधी एकच प्रश्न विचारा: रायडर हवेत जायच्या आधी मला लँडिंग दिसलं का?

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. उतरायची जागा आधी दिसली तर प्रेक्षक अंतर मनात मोजून ठेवतो, मग उडी मोठी वाटते. फक्त हवेतला रायडर आणि मागे आकाश दाखवलं तर दोन फुटांची उडीही वीस फुटांची म्हणून खपते, आणि वीस फुटांची दोन फुटांसारखी वाटते. कट असलेल्या व्हिडिओत ही लबाडी सर्रास चालते. इथे चालत नाही, कारण लिप (ज्या उंचवट्याच्या टोकावरून चाक सुटतं तो), हवा आणि लँडिंग एकाच सलग नजरेत आहेत.

गिंबल, लेन्स, शटर, आवाज, जे ज्याच्या हातचं आहे ते लिहा.

---

शंकेखोर:

एकच टेक आहे कशावरून? हल्ली झाडाआडून कॅमेरा गेला की तिथे शिवण मारतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

---

चाकोरीबाहेर:

शंका रास्त आहे. शिवण लपवायच्या जागा ठरलेल्या असतात. कॅमेरा झटक्यात फिरतो आणि सगळी फ्रेम पुसट होते तिथे, झाड किंवा दगड पूर्ण फ्रेम झाकतो तिथे, धुळीचा लोट लेन्ससमोर येतो तिथे, किंवा फ्रेम एकदम पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी होते तिथे. उघड्या माळावरचा शॉट असल्यामुळे यातल्या पहिल्या दोन जागा जवळपास मिळतच नाहीत. हा माळ निवडण्यामागे तेही एक कारण असावं, हा माझा तर्क.

कोणताही 'एकसंध' शॉट तपासायचा तर सावली बघा. सूर्य तासाला १५° सरकतो. तो क्षितिजापासून २०° वर असताना माणसाची सावली उंचीच्या पावणेतीनपट असते, १६° वर आला की साडेतीनपट. संध्याकाळी एवढा फरक पडायला साधारण वीस मिनिटं पुरतात. दोन वेगळ्या टेकचे तुकडे जोडले असतील तर दुसऱ्या टेकसाठी ट्रक आणि रायडर वर नेण्यात तेवढा वेळ सहज जातो, आणि शिवणीच्या आधीची आणि नंतरची सावली जुळत नाही. दुसरी खूण धुळीची. चाकामागे उडालेली धूळ हवेत तरंगत असते. शिवण असेल तर ती मधेच नाहीशी होते.

आणि एक टेक म्हणजे पहिलाच टेक नव्हे. एकसंध शॉटमध्ये शेवटच्या उडीला चूक झाली तरी सगळं पहिल्यापासून, एवढाच त्याचा अर्थ.

---

कंपनमापक:

"गिंबल भाड्याने मिळतो, रस्ता मिळत नाही" हे वाक्य आकड्यांत सांगतो, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

सुपर ३५ या सिनेमा कॅमेऱ्यांच्या नेहमीच्या सेन्सरची रुंदी साधारण २५ मिमी धरा. ५० मिमी लेन्स, रायडर १० मीटरवर. फ्रेममध्ये त्या अंतरावर किती रुंदी मावते? अंतर गुणिले सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीचा आकडा), म्हणजे १० × २५ ÷ ५० = ५ मीटर. सायकलची एकूण लांबी १.८ मीटरच्या आसपास, म्हणजे ती फ्रेमचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग व्यापते. पाठलागाच्या शॉटला हे चांगलं माप आहे.

आता कॅमेरा ०.१° डुगडुगला तर १० मीटरवर पावणेदोन सेंमीची चूक होते. ३८४० पिक्सेल रुंदीच्या ४के चित्रात ती १३ पिक्सेल. लेन्स २०० मिमी केली की तेवढीच डुगडुग ५४ पिक्सेलची होते. ही झाली फिरण्याची चूक, आणि जायरो यंत्रणा ती मारते. भारी यंत्रणा लागते ती यासाठीच: लांब लेन्सवर हातातला गिंबल हरतो.

पण ट्रक खड्ड्यात गेला आणि कॅमेरा सरळ ५ सेंमी वर-खाली झाला तर? गिंबल कॅमेऱ्याचा कोन धरून ठेवतो, जागा नाही. १० मीटरवरचा रायडर ३८ पिक्सेल उडतो. २०० मीटरवरची टेकडी फक्त २ पिक्सेल हलते. जवळचं हललं, लांबचं हललं नाही. हे नंतर सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही, कारण रायडर स्थिर केला तर टेकडी नाचते आणि टेकडी स्थिर केली तर रायडर नाचतो. उपाय एकच: खड्डा नको. म्हणून बुलडोझर.

हातात गिंबल घेऊन पळताना चित्र 'होडीत बसल्यासारखं' डुलतं ते याच कारणाने. लोक मोटर कॅलिब्रेट करत बसतात. दोष मोटरचा नसतो, गुडघ्याचा असतो.

रस्ता आणि ट्रेल यातलं अंतर कायम ठेवणं हा दुसरा मुद्दा. अंतर ८ मीटरवरून २० मीटरवर गेलं तर रायडर फ्रेममध्ये तेवढाच दिसण्यासाठी लेन्स ४० वरून १०० मिमीवर न्यावी लागते. झूम चालतो, पण झूम केला की मागची टेकडी पुढे आल्यासारखी दिसते आणि प्रेक्षकाला काहीतरी बदललं हे जाणवतं. हळूहळू केला तरच पचतो.

---

गियरबदल:

+१. वळणाचा हिशोबही घ्या. ट्रेलच्या वळणाची त्रिज्या २० मीटर, रायडर ताशी ३० किमी. कॅमेऱ्याचा रस्ता बाहेरच्या बाजूला १० मीटरवर असेल तर त्रिज्या ३०, आणि ट्रकला ताशी ४५ ने वळावं लागेल. कच्च्या उतारावर हे म्हणजे आत्महत्या. रस्ता आतल्या बाजूला घेतला तर त्रिज्या १०, ट्रक ताशी फक्त १५. आखणी करतानाच वळणं कोणत्या बाजूला हे ठरवावं लागतं. ट्रेल आधी बांधून मग कॅमेऱ्याची जागा शोधली तर निम्मी वळणं चुकीच्या बाजूला निघतात.

उडीच्या वेळी गाडी कुठे असावी याचाही क्रम आहे. लिपच्या आधी गाडी रायडरच्या तीन-चार मीटर पुढे. चेहरा दिसतो, येणारी लिप दिसते, तिच्यापलीकडचं लँडिंगही दिसतं. रायडर हवेत गेला की गाडीने किंचित मागे पडायचं. म्हणजे उतरताना मागून पुढचा उतार उघडतो. चालक मात्र लिपजवळ रायडर मंदावला की स्वतःही ब्रेक मारतो, आणि नेमक्या उडीला रायडर फ्रेमच्या कडेला जातो. चालकाने रायडरकडे बघायचंच नाही. त्याने जमिनीवरच्या खुणा आणि कानात येणारी मोजणी एवढंच पाळायचं.

---

फ्रेममोजणी:

विनाकट आणि खऱ्या वेगातला शॉट असला की एक गंमत करता येते: उडीची उंची घरबसल्या काढता येते.

यूट्यूबवर संगणकावर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की एकेक फ्रेम मागेपुढे सरकते. मागचं चाक लिप सोडतं ती फ्रेम आणि पहिलं चाक टेकतं ती फ्रेम, मधल्या फ्रेम्स मोजा, २४ ने भागा. हा हवेतला वेळ. लिप आणि लँडिंग एकाच पातळीवर असतील तर उंची मीटरमध्ये = १.२३ × वेळेचा वर्ग.

२४ फ्रेम्स, म्हणजे १ सेकंद: १.२ मीटर.
३६ फ्रेम्स, दीड सेकंद: पावणेतीन मीटर.
४८ फ्रेम्स, दोन सेकंद: ४.९ मीटर.

लँडिंग खाली असेल, जे उताराच्या ट्रेलवर बहुतेक असतंच, तर हे सूत्र फसवतं. मग सर्वात उंच क्षणाची फ्रेम शोधायची आणि चढ-उतार वेगळे मोजायचे. प्रत्येक भागाला ४.९ × वेळेचा वर्ग. चढायला अर्धा सेकंद: लिपच्या वर १.२ मीटर. उतरायला ०.८ सेकंद: वरून खाली ३.१ मीटर. सर्वात उंच क्षण चाकावरून ओळखू नका, रायडर सायकल अंगाशी ओढतो त्यामुळे चाक खोटं बोलतं. कंबर बघा.

चूक किती? दीड सेकंदाच्या उडीत दोन फ्रेम्स इकडच्या तिकडे झाल्या तर उंचीत ३० सेंमीचा फरक. एवढं चालवून घ्या.

मधे स्लो मोशन असलं की हे सगळं बाद. ते ओळखायला मातीची ढेकळं बघा. चाकामागून उडालेलं ढेकूळ कमरेच्या उंचीवरून, साधारण एक मीटर, ०.४५ सेकंदात म्हणजे ११ फ्रेम्समध्ये खाली आलं पाहिजे. १६-१७ लागत असतील तर वेग कमी केलेला आहे. हवेतल्या ट्रिकला गुपचूप थोडा वेग कमी करणं हे या व्यवसायातलं दुधात पाणी आहे.

---

पायवाट:

वाचनखूण साठवली. एक मूलभूत प्रश्न: डोळ्यांना भिंतीसारखा दिसणारा उतार कॅमेऱ्यात क्रिकेटचं मैदान का होतो?

---

उताराचा_कोन:

कारण बहुतेक वेळा कॅमेरा वरून खाली, उताराच्या दिशेने बघत असतो. त्या दिशेने उताराची रेघ स्क्रीनवर कोन करतच नाही, नुसती वर-खाली जाते. त्यात वाइड लेन्स, त्यामुळे पुढची जमीन लांब पळते. त्यात कॅमेरा खाली झुकवलेला, क्षितिज फ्रेमबाहेर. मेंदूला 'सपाट' म्हणजे काय याची खूणच उरत नाही.

बाजूने, उताराला काटकोनात आणि कॅमेरा लेव्हलमध्ये असेल तर ३०° चा उतार ३०° च दिसतो. सेमेनकच्या शॉटमध्ये ट्रक कितीही कलला तरी यंत्रणा क्षितिज सरळ धरते, म्हणून तिथला उतार प्रामाणिक आहे.

आता गंमत. काटकोन सोडून ४५° तिरकं उभं राहा आणि लांब लेन्स लावा. आडवी लांबी स्क्रीनवर आखडते, उंची तेवढीच राहते. तोच ३०° चा उतार ३९° दिसतो! यात लबाडी काही नाही, भूमिती आहे. म्हणून उताराच्या फोटोंसाठी अनुभवी लोक अगदी समोर किंवा अगदी बाजूला उभे न राहता मधल्या कोनात, जरा खाली उभे राहतात.

लबाडी वेगळी असते: कॅमेराच तिरका धरायचा. ती पकडायला झाडांचे बुंधे, खांब, लोंबणारा पट्टा बघा. सगळी झाडं एकाच बाजूला झुकलेली असतील तर वारा नाही, कॅमेरामन आहे.

छातीवरच्या ॲक्शन कॅमेऱ्याबद्दल: हेल्मेटपेक्षा छातीवरून उतार आणि वेग दोन्ही जास्त जाणवतात, कारण जमीन जवळ असते आणि हँडल, दंड, गुडघे फ्रेममध्ये येतात. पण रायडर पुढे वाकला की कॅमेरा पुढच्या चाकाकडे बघू लागतो. उभं राहून कॅमेरा लावू नका. सायकलवर, उतारावरच्या पवित्र्यात बसून लावा. तेव्हा तो ३०-४०° वर झुकवावा लागतो हे कळतं. आणि क्षितिज-लॉक (क्षितिज आपोआप सरळ ठेवणारी सोय) बंद ठेवा. बर्ममध्ये (वळणावरच्या उंच बांधावर) सायकल झुकते तेव्हा क्षितिज तिरकं झालंच पाहिजे. लॉक केलं की वळण मेलं.

---

शंकेखोर:

सगळं मान्य. पण मला ट्रकवाल्या शॉटपेक्षा स्कॉटिश रायडर डॅनी मॅकॅस्किलचा २०१४ चा 'द रिज' हा व्हिडिओ जास्त भिडतो. त्यात कट भरपूर आहेत.

---

चाकोरीबाहेर:

दोन्हींचं काम वेगळं आहे. 'द रिज' स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या कुलिन कड्यांवर आहे आणि तिथे प्रश्न 'किती वेगात' हा नाही, 'कुठे' हा आहे. माणूस केवढासा आणि कडा केवढा, हे सांगायला ड्रोन दूर जावाच लागतो. इनॲक्सेसिबल पिनॅकल या सुळक्यावर रायडर उभा असताना कॅमेरा मागे हटत जातो तेव्हा तो रायडर ठिपक्याएवढा होतो, आणि तोच मुद्दा असतो. तिथे समांतर ट्रक असता तर तोच कडा बांधासारखा दिसला असता.

थोडक्यात पाठलागाचा शॉट वेग आणि लय दाखवतो, दुरावत जाणारा शॉट जागा दाखवतो. बऱ्याच हौशी व्हिडिओंमध्ये ड्रोन नुसता डोक्यावरून जातो. वरून खाली बघितलं की उतार, उंची, लिप सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट होतं, आणि वेगही जाणवत नाही, जागाही कळत नाही.

---

एनडी_आणि_उन्हाळा:

शटरवर कोणी बोललं नाही म्हणून.

गवताच्या 'रेघा' शटरमुळे होतात. २४ फ्रेम्सला १/४८ सेकंद, म्हणजे फ्रेमरेटच्या दुप्पट, शटर धरा. गाडी ताशी ३० ने म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. शटर उघडं असताना गाडी १७ सेंमी पुढे जाते. ५० मिमी लेन्सवर, ३ मीटरवरच्या गवताच्या पात्याची ४के चित्रात जवळजवळ ४४५ पिक्सेलची रेघ होते, ३० मीटरवरच्या जमिनीची ४४, आणि बरोबरीने धावणाऱ्या रायडरची शून्य. रायडर चित्रातून 'उठून' दिसतो तो यामुळे. शटर १/५०० केलं तर गवताची रेघ ४३ पिक्सेल उरते आणि तोच वेग सायकलवरून भाजी आणायला निघाल्यासारखा दिसतो.

अडचण उजेडाची. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, शटर १/५०, लेन्सचं छिद्र एफ ५.६ ठेवायचं तर ७ स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कमी करावे लागतात, म्हणजे एनडी १२८ हा गडद फिल्टर. एफ २.८ हवा असेल तर ९ स्टॉप, एनडी ५१२. पण एफ २.८ कशाला? एफ ५.६ ला ५० मिमी लेन्स १० मीटरवर फोकस केली की साधारण साडेसहा ते साडेबावीस मीटर सगळं स्पष्ट येतं. ऑटोफोकस बंद करा आणि विसरा. एफ २.८ ला हाच पट्टा पावणेआठ ते चौदा मीटर होतो, आणि धूळ उडाली की ऑटोफोकस धुळीला जाऊन चिकटतो.

एक सूचना: एकसंध शॉटमध्ये पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावू नका. कॅमेरा सूर्याच्या संदर्भात फिरतो तसं आकाश मधेच गडद, मधेच फिकट होतं. कट असता तर लपलं असतं.

---

पायवाट:

ॲक्शन कॅमेऱ्यालाही हाच नियम? दुप्पट फ्रेमरेटचं शटर?

---

एनडी_आणि_उन्हाळा:

नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. ॲक्शन कॅमेऱ्याचं स्थिरीकरण फ्रेम टिपून झाल्यावर कापून-सरकवून होतं. शटर लांब असेल तर धक्क्याचा पुसटपणा आधीच फ्रेममध्ये भाजला गेलेला असतो. फ्रेम स्थिर होते, पुसटपणा थरथरत राहतो. चित्र मधेच धुरकट, मधेच स्वच्छ दिसतं. खडकाळ उतारावर १/१२० ते १/२४० च्या खाली जाऊ नका. जंगलात तर एनडी काढूनच टाका. मऊ ट्रेल आणि ऊन असेल तरच १/६० चा विचार करा.

---

कान_टवकारून:

आवाज. धावत्या ट्रकवरच्या माइकला ट्रकशिवाय काही ऐकू येत नाही. असल्या शॉटमधला टायर, चेन, फ्रीहब (पॅडल थांबलं की मागच्या चाकात टिकटिकणारा भाग) यांचा आवाज नंतर बसवलेला असतो असं समजूनच ऐका. त्यात वाईट काही नाही, फक्त नीट बसवला पाहिजे.

फ्रीहबची चूक सगळ्यात जास्त सापडते. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. ताशी ३० ला चाक सेकंदाला चार फेरे घेतं. हबला एका फेऱ्यात ३६ टप्पे असतील तर सेकंदाला १४५ 'टिक', म्हणजे जवळजवळ गुणगुण. वेग निम्मा झाला की ७२, सूर खाली उतरतो आणि गुणगुण खरखरीत होते. व्हिडिओत रायडर चढावर मंदावतोय आणि गुणगुण मात्र त्याच सुरात चालू आहे, म्हणजे एकच तुकडा पुन्हापुन्हा चिकटवलाय. पॅडल मारत असतानाही टिकटिक चालू ठेवणारे महाभाग आहेत. पॅडल मारताना हब गप्प असतो. हवेत पॅडल थांबलेलं असताना तो वाजतो, आणि रायडरने हवेत मागचा ब्रेक दाबला तर पटकन बंद पडतो.

घरच्या घरी करायचं तर: छोटा रेकॉर्डर सीटखाली फोम आणि टेपने बांधा, माइकवर फरची टोपी घाला, लेव्हल नेहमीपेक्षा १०-१२ डेसिबलने कमी ठेवा कारण लँडिंगचा दणका फाटतो. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी. लांबून घेतलेल्या चित्राशी जुळवताना लक्षात ठेवा, कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत आवाज उशिरा पोहोचतो: २० मीटरला ५८ मिलिसेकंद, २४ च्या हिशोबात जवळजवळ दीड फ्रेम. जुळवणी टाळीच्या चित्रावर करा, कॅमेऱ्याने टिपलेल्या आवाजावर नको.

आणि हवेत शांतता ठेवा. टायरचा खरखराट लिपवर तुटला आणि लँडिंगला परत आला की अर्धी उडी कानानेच मोठी होते.

---

माळरान:

आता कामाचं बोला. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडचे देशावरचे माळ तस्सेच सोनेरी असतात. बुलडोझर नाही, पिकअप आहे. काय जमेल?

---

गियरबदल:

बरंच जमेल, वेग कमी ठेवा. बैलगाडीची जुनी वाट आणि तिच्या आठ-दहा मीटर बाजूने जाणारी ढोरवाट अशी जोडी शोधा. रस्ता तयार मिळाला, सायकलची वाट तयार मिळाली. दीडशे-दोनशे मीटरचा सलग तुकडा पुरतो. ताशी २५ ला तो २२-२९ सेकंदांत संपतो.

रिकामा पिकअप उडतो, कारण मागचे पाटे वजनासाठी बनवलेले असतात. हौद्यात दीड-दोनशे किलो वाळूच्या गोण्या टाका. टायरची हवा थोडी कमी करा, घरी जाताना परत भरा. कॅमेरा मागच्या फळीवर लावू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, केबिनला लागून लावा, तिथे उसळी सर्वात कमी. गिंबलखाली प्लायच्या दोन फळ्या आणि त्यांच्यामध्ये स्कूटरची अर्धवट फुगवलेली ट्यूब, चार कोपऱ्यांत सैल दोरी. इंजिनची बारीक थरथर त्यात मरते. मोठे दगड आणि खड्डे मात्र फावड्यानेच काढायचे, कंपनमापक यांनी कारण वर दिलंच आहे.

दोन्ही वाटांवर दर दहा मीटरला चुन्याची खूण. माणसं चार: चालक, कॅमेरा, मोजणी सांगणारा, आणि वाटेवर गुरं-माणसं येतात का बघणारा. कॅमेरावाल्याला पट्ट्याने गाडीला बांधा. पहिले दोन फेरे सायकलशिवाय, फक्त गाडीची चाल बसवायला.

---

कंपनमापक:

फोन वापरणाऱ्यांना एक इशारा. मोटरसायकलच्या हँडलला फोन थेट आवळू नका. इंजिनच्या कंपनांनी लेन्समधली स्थिरीकरणाची यंत्रणा आणि ऑटोफोकस बिघडू शकतो, ॲपलने स्वतःच २०२१ मध्ये तसं सांगितलंय. मध्ये रबर किंवा माणूस हवा.

---

माळरान:

आणि एफपीव्ही ड्रोन (गॉगलमध्ये त्याच्याच कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायचा)? ट्रकचं सगळं लफडंच नको.

---

उताराचा_कोन:

ड्रोन खड्ड्यात जात नाही हे खरं. पण पायलट सायकलीच्या रेषेपेक्षा स्वतःची रेषा सुंदर करायच्या मागे लागतो. मग रायडर सरळ जातो आणि कॅमेराच ट्रिक करतो. ड्रोन रायडरच्या कमरेच्या उंचीवर, मागून-बाजूने, लिपवर मात्र रायडरइतका वर न जाता जमिनीलगत ठेवा. दोघंही एकदम वर गेले तर उडी दिसतच नाही, कारण फ्रेममध्ये रायडर जागचा हलत नाही.

नियमांचं: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. कॅमेऱ्यासकट पाच इंची पात्यांचा एफपीव्ही मायक्रोतच जातो. हौसेसाठी या दोन्हींना पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण पैसे घेऊन उडवायचा मायक्रो असेल तर लागतं. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा भाग आहे का बघा, तिथे ४०० फुटांची मर्यादा. गॉगल घातलेल्या पायलटशेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोन बघणारा दुसरा माणूस हवाच.

---

पायवाट:

अवांतर: सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) मात्र हे प्रयोग नकोत. कासचं पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ पासून आहे, पण यादीत नसलेल्या सड्यांवरही जांभ्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. चाकाने एकदा उकरला की फुलं परत येत नाहीत. वनखात्याची जमीन आणि किल्ल्यांचे उतार हे तर परवानगीशिवाय नाहीच.

---

चाकोरीबाहेर:

अगदी. पडीक माळ, मालकाला विचारून.

माळरान, वेळेचं एक राहिलं. ऊन तिरकं असतानाच चित्रण करा, सूर्य बाजूने किंवा किंचित रायडरच्या मागून. दुपारी बाराला लिपची सावली आखूड असते आणि लिप जमिनीत मिसळून जाते. रायडर एकदम विनाकारण उडाल्यासारखा दिसतो. मागून ऊन आलं तर धूळ पेटते, पण मग गाडीची धूळ आधी पेटते आणि रायडर त्यात हरवतो. वारा गाडीकडून रायडरकडे वाहत असेल तर बाजू बदला, किंवा फेऱ्याआधी गाडीच्या वाटेवर पाणी मारा. गाडीच्या वाटेवर, ट्रेलवर नाही. रायडरची धूळ आपल्याला हवीच आहे.

---

माळरान:

टँकर सांगतो. खुणांसाठी चुना की झेंड्या?

---

गियरबदल:

चुना. झेंड्या फ्रेममध्ये येतात आणि गुरं खातात.